पेटार्ड म्हणजे फासाचा दोर नव्हे

एखाद्याचा डाव त्याच्यावरच उलटला की इंग्रजीत म्हणतात, ‘होइस्ट बाय हिज ओन पेटार्ड’. अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो, डोळ्यांपुढचं चित्र मात्र भलतंच असतं. ‘होइस्ट’ म्हटलं की झेंडा वर चढवणं आठवतं. मग पेटार्ड म्हणजे काठी, नाहीतर फासाचा दोर असणार, असं आपण धरून चालतो. मराठी कानाला तर पेटाराच ऐकू येतो.

पेटार्ड हा खरं तर स्फोटाचा बार. सोळाव्या शतकात फ्रान्समधल्या धर्मयुद्धांत तो गाजला. 1580 साली नवारच्या हेन्रीने काओर शहरात शिरताना दरवाजे फोडले ते यानेच. घंटेच्या आकाराचं धातूचं भांडं घ्यायचं, त्यात दोन-तीन किलो दारू ठासायची, तोंडावर जाड फळी बसवायची आणि सगळं धूड दरवाजाला टांगायचं. वातीला बत्ती दिली की पळ काढायचा. हे करायचं दरवाजाला खेटून, तटावरून गोळ्या झडत असताना. त्या काळच्या वातीचा भरवसा नव्हता. ती झरकन जळून गेली, तर दरवाजाबरोबर बार लावणाराही उडायचा. इथलं ‘होइस्ट’ म्हणजे हे हवेत फेकलं जाणं.

हा वाक्प्रचार सैनिकांच्या बोलीतून आला असावा असं वाटतं, पण तो रूढ झाला शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मुळे. बालमित्र म्हणवणारे दोघे हॅम्लेटला इंग्लंडला न्यायला निघालेत आणि त्यामागे दगा आहे, हे त्याने ओळखलंय. तो आईला सांगतो, की सुरुंगवाला स्वतःच्याच बाराने उडताना पाहण्यात मौज आहे. पुढे तो त्यांच्याजवळचा खलिता बदलतो आणि मरण त्या दोघांच्या वाट्याला येतं. नवल म्हणजे, हे बोल 1604-05च्या छापील प्रतीत आहेत. 1623च्या प्रसिद्ध फोलिओत ते नाहीतच.

याचा मराठी अर्थ देताना ‘दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडणे’ असं सर्रास लिहितात. मला ते अपुरं वाटतं. खड्डा कुणीही खणेल. पेटार्ड लावणारा त्या कामातला जाणकार असे, आणि त्याची विद्याच त्याच्यावर उलटे. आपला भस्मासुर याच्या कितीतरी जवळचा.

शब्दाचं मूळ मात्र साधं आहे. फ्रेंचमधल्या ‘पादणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून तो आला, आवाजामुळे. फटाक्याला फ्रेंच माणूस आजही ‘पेतार’च म्हणतो.