फॉरमॅट मारण्याआधी पडद्यावरची ओळ वाचा

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवणाऱ्या जगभरच्या अनेकांची यंत्रे अचानक सुरू होईनाशी झाली. लिनक्स निवडले की काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटत: शिमच्या एसबॅट नोंदीची पडताळणी फसली, सुरक्षा धोरणाचा भंग झाला, काहीतरी गंभीर चुकले आहे. काही सेकंदांत यंत्र आपोआप बंद होई. अशा वेळी हार्ड डिस्क गेली असे समजून फॉरमॅट मारण्याची घाई होते. पण या यंत्रांत डिस्क, रॅम, मदरबोर्ड सारे शाबूत होते. बिनसला होता तो फर्मवेअर आणि बूटलोडर यांचा मेळ, आणि तो एकही फाइल न गमावता पुन्हा जुळवता येत होता.

सिक्युअर बूट चालू असताना मदरबोर्डवरचे यूईएफआय फर्मवेअर स्वाक्षरी नसलेला प्रोग्रॅम सुरूच होऊ देत नाही. लिनक्ससाठी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला ‘शिम’ हा छोटा प्रोग्रॅम आधी चालतो आणि तो पुढच्या ‘ग्रब’ बूटलोडरची खातरजमा करतो. अडचण अशी की, रीतसर स्वाक्षरी झालेल्या प्रोग्रॅममध्येही पुढे भगदाड सापडते. २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा जवळपास दीडशे जुन्या प्रती बाद यादीत घालाव्या लागल्या. फर्मवेअरमध्ये या यादीला साधारण ३२ केबी जागा असते. त्यातली एक तृतीयांश एका फटक्यात संपली. यावर तोडगा म्हणून एसबॅट आले. बाद नोटांचे क्रमांक एकेक करून लिहिण्याऐवजी अख्खी मालिकाच बाद ठरवावी, तसा हा प्रकार. प्रत्येक घटकाला पिढीचा क्रमांक मिळतो आणि किमान कोणती पिढी चालेल, एवढेच फर्मवेअर लक्षात ठेवते. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने ही किमान पिढी वर सरकवली. जुन्या शिमने स्वतःचाच क्रमांक तपासला, तो कमी भरला आणि त्याने काम थांबवले.

किमान पिढीची ही नोंद डिस्कवर नसते, मदरबोर्डच्या स्मृतीत असते. म्हणूनच डिस्क कोरी करून तेच जुने लिनक्स पुन्हा टाकले तरी अडथळा कायम राहतो; जुन्या आवृत्तीचे पेनड्राइव्हसुद्धा त्या दिवसांत अडत होते. खरा उपाय वेगळा आहे: सिक्युअर बूट तात्पुरते बंद करायचे, लिनक्समध्ये शिरून मॉकयुटिल या आज्ञेने एसबॅटचे धोरण पुसायचे, शिम आणि ग्रब अद्ययावत करायचे, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करायचे. विंडोजला बिटलॉकर हे एन्क्रिप्शन लावले असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी. सिक्युअर बूटची सेटिंग बदलली की ती मागितली जाऊ शकते.

मग सिक्युअर बूट कायमचेच बंद का ठेवू नये? २०२३ मध्ये उजेडात आलेले ‘ब्लॅकलोटस’ हे मालवेअर याचे उत्तर आहे. विंडोजमधली एक त्रुटी दुरुस्त होऊन वर्ष उलटले होते, तरी स्वाक्षरी असलेल्या जुन्या फाइली बाद केलेल्या नव्हत्या. त्यांच्याच आधाराने हे मालवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी यंत्रात घुसत होते. म्हणजे जुने बाद करणे अपरिहार्यच आहे. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे: विंडोजच्या अपडेटने शेजारच्या लिनक्सचे दार का लावावे? दोन्ही प्रणाली असलेल्या यंत्रांवर हा बदल लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. पण अनेक यंत्रे कंपनीच्या तपासणीला ओळखताच आली नाहीत. कायमची दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. नऊ महिन्यांचा हा विलंब समर्थनीय नाही. मात्र ग्रबमधल्या ज्या दुसऱ्या त्रुटीसाठी किमान पिढी वर सरकवली गेली, ती २०२२ मध्येच दुरुस्त झाली होती. तरीही जुने बूटलोडर वापरात राहू देणाऱ्या लिनक्स वितरकांकडेही दोषाचा वाटा जातो.

असाच खटका पुन्हा उडू शकतो. सिक्युअर बूटची २०११ ची प्रमाणपत्रे जून २०२६ पासून मुदतबाह्य होऊ लागतात आणि त्यांची जागा २०२३ ची घेतात. जुने यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पण फर्मवेअरमध्ये नवे प्रमाणपत्र नसेल, तर फक्त नवी स्वाक्षरी असलेला बूटलोडर ते स्वीकारणार नाही. तेव्हा मदरबोर्ड किंवा लॅपटॉप कंपनीने दिलेले फर्मवेअर अपडेट टाळू नका, आणि बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवा.