सांध्यातला अर्थ

'मिले सुर मेरा तुम्हारा' ही चित्रफीत पाहिलेल्या कोणालाही विचारा, की तिच्यात काय दाखवले आहे? 'सगळा देश एकत्र येऊन गातो आहे,' असे उत्तर मिळेल. आता ती पुन्हा लावा आणि हे दृश्य तिच्यात नेमके कुठे आहे ते शोधा. धबधब्यापाशी पंडित भीमसेन जोशी दिसतील. समुद्राकाठी बालमुरलीकृष्ण आणि त्यांच्या शेजारी कमल हासन दिसतील. हत्तीवरचा माहूत, कोलकात्याच्या भुयारी रेल्वेतून बाहेर पडणारी माणसे दिसतील. शेवटाकडची समूहदृश्ये सोडली, तर प्रत्येक दृश्यात मोजकीच माणसे आहेत आणि ती आपापल्या गावी आहेत. भीमसेन आणि बालमुरलीकृष्ण एका चौकटीत एकदाही येत नाहीत. मग 'एकत्र' हा शब्द आपल्या मनात आला कुठून?

तो आला दोन दृश्यांच्या सांध्यातून. चित्रीकरण झाल्यावर कोणता तुकडा ठेवायचा, किती लांब ठेवायचा आणि कशाला जोडायचा हे ठरवण्याच्या कामाला संकलन म्हणतात. गाण्याच्या चित्रफितीत हे काम फार उघडपणे पाहायला मिळते, म्हणून वर्गात शिकवायला ती सोयीची. शिवाय आपले विद्यार्थी रोज अशा कितीतरी चित्रफिती मोबाइलवर पाहतात, आणि बरेच जण स्वतः तयारही करतात.

सर्वांत आधी एक कोडे सोडवू. धबधबा दिसत असताना क्षणार्धात समुद्र समोर आला, तर आपण दचकायला हवे. प्रत्यक्ष आयुष्यात असे काही घडले तर आपण घाबरूच. पडद्यावर मात्र आपण शांतपणे पाहत राहतो. असे का?

आरशासमोर उभे राहा. आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे पाहा. असे दहा वेळा करा. आपले डोळे हलताना तुम्हांला एकदाही दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या मित्राला मात्र ते स्पष्ट दिसतील. (मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात हा प्रयोग फसतो. पडद्यावरचे चित्र किंचित उशिरा येत असल्याने हललेले डोळे दिसतात. ते का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.) आपली नजर सेकंदाला साधारण तीन वेळा अशी उडी मारते, आणि उडीच्या त्या अल्पशा काळात मेंदू डोळ्यांकडून येणारी माहिती बरीचशी दाबून टाकतो. शिवाय अधूनमधून पापण्या मिटतात त्या वेगळ्याच. म्हणजे आपण ज्याला सलग दिसणे म्हणतो ते मुळात तुकड्यांचेच असते. तुकडे जुळवून अखंड जग उभे करण्याची सवय मेंदूला जन्मापासून आहे. संकलक या सवयीचा फायदा घेतो. 2008 मध्ये टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन यांनी प्रेक्षकांना चित्रपटांचे तुकडे दाखवले आणि सांधा दिसला की बटण दाबायला सांगितले. जिथे एक हालचाल एका दृश्यात सुरू होऊन दुसऱ्या दृश्यात पुरी होत होती, तिथले सुमारे एक-तृतीयांश सांधे प्रेक्षकांच्या लक्षातच आले नाहीत. आणि हे लोक तर सांधेच शोधायला बसले होते!

सांधा दिसत नाही, पण तो काम करतोच. या संदर्भात लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात त्याने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा निरनिराळ्या दृश्यांना जोडला. रश्शाचे ताट आणि मग चेहरा, शवपेटी आणि मग चेहरा, अशा तऱ्हेने. प्रेक्षकांना चेहऱ्यावर कधी भूक तर कधी दुःख दिसले, असे म्हणतात. मूळ फीत आज उपलब्ध नाही आणि शास्त्रीय चाचणी म्हणून तो प्रयोग फारसा काटेकोर नव्हता. 1992 मध्ये अमेरिकेत तो पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम आढळला नाही. 2016 मध्ये अधिक काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात तो काही प्रमाणात आढळला. थोडक्यात, पुस्तकात वाचतो तितका हा परिणाम जादूसारखा नसावा, पण अगदीच खोटाही नाही. आणि चित्रांबरोबर संगीत असले, की गोष्टच बदलते.

हे संगीताचे प्रकरण जरा सविस्तर पाहण्यासारखे आहे. कथाचित्रपटात साधारणपणे वेळेचे भान चित्र सांभाळते. माणूस जिना चढला, दार उघडले, आत आला, अशी ती साखळी असते. गाण्याच्या चित्रफितीत वेळ गाण्याच्या ताब्यात असतो. गाणे सलग चालू आहे, म्हणून त्याखालची चित्रे काश्मीरहून केरळला उडी मारू शकतात. माळेतला दोरा अखंड असला की मणी कोणतेही चालतात, तसेच हे.

आणि काळाच्या बाबतीत कान डोळ्यांपेक्षा जास्त तल्लख असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पडद्यावर एकदाच प्रकाश चमकवला आणि त्याच वेळी दोन छोटे आवाज ऐकवले. पाहणाऱ्यांना प्रकाश दोनदा चमकल्याचा भास झाला. डोळ्याने काय पाहिले हे कानाने ठरवले! म्हणूनच ठेक्यावर पडलेला सांधा आपोआप 'बरोबर' वाटतो. तबल्याची थाप पडली म्हणून चित्र बदलले, असा कार्यकारणसंबंध मेंदू परस्पर लावून टाकतो.

यातले गणित सातवी-आठवीच्या मुलांनाही करता येईल. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी असतात. गाण्याची लय मिनिटाला 120 ठोके असेल, तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचे, म्हणजे बरोबर 12 चौकटींचे अंतर पडते. लय मिनिटाला 100 ठोके असेल तर 14.4 चौकटी. चौकट अर्धी कापता येत नाही, म्हणून संकलकाला सांधे 14, 29, 43, 58 आणि 72 अशा चौकटींवर टाकावे लागतात. पाचव्या ठोक्याला हिशेब पुन्हा चोख जुळतो. आपल्याकडच्या दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला 25 चौकटी असत, त्यात हेच अंतर नेमके 15 चौकटींचे येते. अर्ध्या चौकटीची चूक कोणाला कळते का? नाही. आवाज आणि चित्र यांतली फारकत, आवाज पुढे असेल तर सुमारे 45 मिलिसेकंदांपासून आणि मागे असेल तर सुमारे 125 मिलिसेकंदांपासून जाणवू लागते, असे आंतरराष्ट्रीय प्रसारण-मानकात दिले आहे. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो हे लक्षात आले ना? निसर्गात आवाज नेहमी मागूनच येतो. नदीपलीकडे 34 मीटरवर धोबी कपडा आपटत असेल तर त्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. प्रकाशाआधी पोचलेला आवाज मात्र आपल्या मेंदूने कधी अनुभवलेलाच नसतो.

प्रत्येक ठोक्याला चित्र बदलायचे, हा अलीकडचा सोपा मार्ग आहे. मोबाइलवरची काही साधने ठोके ओळखून आपोआप सांधे टाकून देतात. माझ्या मते हे ढोलकीच्या प्रत्येक थापेला मान हलवण्यासारखे आहे. पाच मिनिटांत मान दुखते, आणि समेला काही वेगळे घडले हे कळतच नाही.

आता पुन्हा 'मिले सुर'कडे वळू. ही चित्रफीत 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवरून प्रथम दाखवली गेली. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पियूष पांडे यांचे. संगीताच्या बाजूला भीमसेन जोशी, अशोक पत्की आणि लुई बँक्स ही नावे. लांबी सहा मिनिटांच्या थोडी वर. तेवढ्यात 14 भाषा येतात. प्रत्येक भाषेबरोबर वाद्ये आणि गाण्याचा ढंग बदलतो, पण भैरवीची ती धून सुटत नाही. चित्र तुटते तिथे सूर पुढे जातो. शब्दांनी जे सांगितले तेच या रचनेने करून दाखवले आहे. क्रमही पाहा. साधारणपणे काश्मीर, पंजाब, मग दक्षिण, मग पूर्व आणि शेवटाकडे गुजरात व महाराष्ट्र, अशी ही नकाशावरची प्रदक्षिणाच आहे. एकाच गाण्यात अनेक भाषा गुंफण्याची युक्ती आपल्याकडे जुनी आहे. प्रभातच्या 'माणूस' (1939) मध्ये शांता हुबळीकरांच्या 'कशाला उद्याची बात' या गाण्यात ती आहे. पण तिथे गाणारी व्यक्ती एकच होती. इथे व्यक्तीही बदलते, आणि म्हणून सगळा भार सांध्यांवर पडतो.

'माणसे वेगळी, पण एक' हाच विषय घेऊन तीन वर्षांनी अमेरिकेत दुसऱ्या तऱ्हेचे संकलन झाले. मायकेल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' (1991, दिग्दर्शक जॉन लँडिस) या चित्रफितीच्या एका भागात निरनिराळ्या वंशांचे स्त्री-पुरुष गाताना दिसतात आणि एकाचा चेहरा डोळ्यांदेखत दुसऱ्याचा होतो. याला मॉर्फिंग म्हणतात. दोन्ही चेहऱ्यांवर डोळ्यांचे कोपरे, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा असे जोडीचे बिंदू ठरवतात. समजा बदलाला दोन सेकंद, म्हणजे 48 चौकटी द्यायच्या आहेत. मग संगणक प्रत्येक चौकटीत बिंदू एक-अठ्ठेचाळिसांशाने सरकवतो आणि रंगही त्याच प्रमाणात मिसळतो. 1985 मध्ये गॉडली आणि क्रीम या जोडीने 'क्राय' या गाण्यात चेहरे नुसते एकमेकांत विरघळवून असेच काही साधले होते, तेही या तंत्राशिवाय.

दोन्ही चित्रफितींचा हेतू सारखा, पण अर्थ सारखा नाही. मॉर्फिंगच्या मधोमध एक चेहरा असा येतो की जो कोणाचाच नसतो. 'भेद वरवरचे आहेत, खाली सारे एकच,' असे ते तंत्र म्हणते. 'मिले सुर'मधला साधा कट असे म्हणत नाही. त्यात मधला चेहरा नाही. काश्मिरी काश्मिरीच राहतो, तमिळ तमिळच राहतो, आणि दोघांमध्ये फक्त सूर असतो. एकतेच्या या दोन वेगळ्या कल्पना आहेत, आणि त्या शब्दांत नाहीत, जोडण्याच्या पद्धतीत आहेत. मला व्यक्तिशः दुसरी जास्त प्रामाणिक वाटते.

सांधा टाळणे हेही संकलनच असते. शिनेड ओ'कॉनरच्या 'नथिंग कम्पेअर्स टू यू' (1990, दिग्दर्शक जॉन मेबरी) मध्ये बहुतेक वेळ काळ्या पार्श्वभूमीवर तिचा चेहराच दिसतो. पाहणाऱ्याला नजर हलवायला जागा नाही. अश्रू ओघळतो तेव्हा कोणी काही जोडून दाखवले नाही याची खात्री पटते, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

इथे एक अडचण उभी राहते. दृश्य खोटे असेल तर ते पकडता येते. सांध्याने केलेले विधान कोणत्याच दृश्यात नसते, मग ते तपासायचे कसे? पुराने वेढलेल्या गावाचे खरे दृश्य, त्यानंतर हसणाऱ्या पुढाऱ्याचे खरे दृश्य, आणि खाली एक करुण गाणे. दोन्ही तुकडे खरेच आहेत. 'हा माणूस त्या पुराला हसला' हे मात्र कोणीही म्हटलेले नाही, ते पाहणाऱ्यानेच मनात जुळवले. दोन्ही क्षण कधीचे आणि कुठले, हा प्रश्न गाणे संपेपर्यंत सुचतच नाही, कारण तोपर्यंत दोरा तुटलेला नसतो.

गाळलेल्या गोष्टींचेही तसेच आहे. 'मिले सुर' पाहताना प्रदक्षिणा पुरी झाल्याचे समाधान मिळते आणि 'सगळे आले' असे वाटते. पण त्या 14 भाषांत कोकणी नाही, मणिपुरी नाही, नेपाळी नाही, संथाळी नाही, गोंडी नाही. 1987 मध्ये गोवा राज्य झाले होते आणि कोकणी तिथली राजभाषाही झाली होती. सहा मिनिटांत सगळे मावणार नाही हे मान्यच आहे. 2010 मध्ये याच गाण्याची नवी आवृत्ती निघाली, ती सोळा मिनिटांहून मोठी होती. तीही सिनेतारकांनीच जास्त भरली आणि लांबलेल्या तुकड्यांमुळे सांधे सैल पडले. प्रश्न तक्रारीचा नाही. गाळलेले दृश्य पडद्यावर रिकामी जागा सोडून जात नाही, शेजारची दोन दृश्ये लगेच एकमेकांना चिकटतात, हे मुलांना दिसावे इतकेच.

वर्गात हे सहज करता येते. वर्तमानपत्रातून एक निर्विकार चेहरा आणि तीनचार इतर चित्रे कापून घ्या. वर्गाचे दोन गट करा आणि त्यांना वेगळ्या क्रमाने चित्रे दाखवून चेहऱ्यावरचा भाव लिहायला सांगा. कोणतीही दोन मिनिटांची चित्रफीत आधी आवाज बंद करून पाहायला लावा आणि सांधे मोजून घ्या. मग आवाज चालू करून पुन्हा मोजायला सांगा. आकडे बहुधा जुळणार नाहीत. आणि 'मिले सुर' हाताशी असेल तर एक कागदी काम द्या. त्यात कोकणीची एक ओळ घालायची आहे. ती मराठीच्या आधी येईल की नंतर? त्या वेळी पडद्यावर कोण दिसेल? आणि एकूण लांबी वाढवायची नाही, तर कोणाचे किती सेकंद कापायचे?