ताडपत्री घ्या, पण तोलून घ्या

सोयाबीन कापून गंज लागली, मळणीयंत्राचा नंबर अजून आठ दिवस लांब आहे आणि मावळतीला आभाळ भरून आलं, अशी वेळ आपल्यापैकी कुणावर आली नाही? लातूरकडे या गंजीला बनीम म्हणतात. नाव काही असो, चार महिन्यांची मेहनत त्या रात्री एका कापडाखाली असते.

२०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस थांबता थांबेना. प्रस्तुत लेखकाने त्या वर्षी आठवडी बाजारातून एक चकचकीत निळी ताडपत्री आणली होती. दर कमी, उचलायला हलकी. म्हटलं, दोन हंगाम तरी निघतील. तिसऱ्या रात्री वाऱ्याने कोपऱ्यातली रिंग उपटली, आणि घडीच्या रेघेतून झिरपलेलं पाणी गंजीच्या पोटात शिरलं. मळणीच्या दिवशी पाहतो तर शेंगांतून कोंब बाहेर! ताडपत्रीत वाचवलेले पैसे पहिल्या दोन-तीन पोत्यांतच गेले. २०२० साली पुन्हा तसाच ऑक्टोबर आला. तोवर आम्ही शहाणे झालो होतो.

काय शिकलो, तर ताडपत्री रंगावर आणि चकाकीवर घेऊ नये, वजनावर घ्यावी. दुकानदार ‘जीएसएम’ सांगतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. आता हिशेब बघा. १८ बाय २४ फुटांची ताडपत्री म्हणजे ४३२ चौरस फूट. त्याला १०.७६ ने भागा, सुमारे ४० चौरस मीटर होतात. २५० जीएसएमची असेल तर ती काट्यावर १० किलोच्या आसपास भरली पाहिजे. सहा किलो भरली तर ती १५० ची आहे, छापलेलं काही का असेना. मापही टेपने घ्या. काठ दुमडल्यावर ती कधी कधी फूटभर आखूड निघते. दुकानात काटा मागायला लाजू नका. आपला माल घेताना व्यापारी लाजतो का?

मग ती उन्हाकडे धरून बघा. सुईएवढी उजेडाची टिंबं दिसली तर बाजूला ठेवा. एक कोपरा घट्ट दुमडून नखाने रेघ ओढा, तिथे वरचा पापुद्रा सुटतो का पाहा. काठाच्या दुमडीत दोरी आहे ना, रिंगा साधारण तीन-तीन फुटांवर आहेत ना, हेही बघा. विणलेल्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला ‘आयएस ७९०३’ हे भारतीय मानक आहे. छाप असेल तर बरं. ऊन सोसण्याचं औषध धाग्यात नसेल, तर जाड ताडपत्रीचाही उन्हाळ्यात भुगा होतो.

सगळीकडे जाडच हवी असं मात्र नाही. राखणीला रात्री बाजेवर पडायचं, किंवा बांधावरच्या दोन झाडांना लेकराची झोळी बांधायची, तर १२ बाय १५ ची हलकी पुरते. दोन झाडांत दोरी ताणून तिच्यावर टाका, दोन्ही बाजूंना उतार द्या. झोळीच्या दोरीला, छपराच्या आत, चिंधी बांधून खाली लोंबती सोडा. दोरीवरून आलेलं पाणी तिथेच गळतं, लेकरापर्यंत जात नाही.

गंजीचं तसं नाही. खाली दगड-लाकडं, भोवती चर, मधोमध बांबूचा कणा, म्हणजे वर पाणी साचत नाही. ताडपत्री खालपर्यंत गच्च आवळू नका. ओला माल कोंडला की आतून तापतो, बुरशी धरतो. उघडीप मिळाली की एक बाजू उचलून वारा द्या. ताणाच्या दोरीत जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला, वाऱ्याचा झटका तो खातो. रिंग तुटलीच तर कापडात गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा, रिंगेपेक्षा पक्की बसते.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक विनंती. वस्तूऐवजी रक्कम खात्यावर देण्याचं धोरण राज्याने डिसेंबर २०१६ मध्ये आणलं. ताडपत्रीही त्या रीतीने मिळते तेव्हा निवड शेतकऱ्याच्याच हाती असते. योजनेची माहिती चावडीवर लावाल तेव्हा हा वजनाचा हिशेबही खाली लिहा, आणि पक्क्या बिलावर माप, जीएसएम व वजन घ्यायला सांगा.

हंगाम संपला की ताडपत्री धुऊन सावलीत पुरती वाळवा. दाण्याचा वास राहिला तर उंदीर सोडत नाही. घडी घालू नका, बांबूवर गुंडाळा आणि आढ्याला टांगून ठेवा.