लांडगा की कुत्रा? माळरानावरचा नवा पेच

पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडग्यांचा मागोवा घेणाऱ्या निसर्गप्रेमींना काही वर्षांपूर्वी एक वेगळाच प्राणी दिसू लागला. संगत लांडग्यांची, पण अंगाचा रंग पिवळसर, गावातल्या कुत्र्यासारखा. नुसत्या रंगावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. म्हणून पुण्याचा 'द ग्रासलँड्स ट्रस्ट', बंगळुरूची 'अ‍ॅट्री' ही संस्था आणि तेथीलच राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र यांनी मिळून संशयित प्राण्यांच्या जनुकांची तपासणी केली. डॉ. उमा रामकृष्णन आणि डॉ. अबी वनक यांचा सहभाग असलेला हा अभ्यास 2023 मध्ये 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भारतातील लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा हा पहिला जनुकीय पुरावा ठरला.

लांडगा आणि कुत्रा मुळात एकाच घराण्यातले. दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेले खेचर सहसा वांझ असते. इथे मात्र तसे नाही. लांडगा-कुत्र्याच्या पिल्लांना पुढे पिल्ले होतात आणि ती पुन्हा लांडग्यांच्या कळपात मिसळतात. कुत्र्याचा अंश असा पिढ्यान् पिढ्या पसरत जातो.

हजारात मोजण्याइतकेच

भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अतिशय प्राचीन वंशांपैकी एक आहे, असे 2021 मधील एका जनुकीय अभ्यासात आढळले. द्वीपकल्पीय भारतात त्यांची संख्या सुमारे 3 हजार असल्याचा अंदाज आहे. गावोगावची मोकाट कुत्री मात्र कोट्यवधी. लांडग्यांचा कळप विस्कटला की जोडीदार मिळेनासा होतो आणि एकटी पडलेली मादी कुत्र्याशी जुळते. त्यातच माळरानाला सरकारी दफ्तरात 'पडीक जमीन' म्हटले जाते. तिथे प्लॉट पडतात, कारखाने येतात, रस्ते होतात. उरलेल्या तुकड्यांत लांडगा, धनगरांचे वाडे आणि कुत्री एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

असा संकर किती खोलवर जाऊ शकतो, हे स्कॉटलंडच्या रानमांजरावरून दिसते. तिथे पाळीव मांजरांशी इतका संकर झाला की 2019 मध्ये तज्ज्ञांनी रानातील ही जमात स्वबळावर टिकण्याच्या स्थितीत राहिलेली नाही, असे जाहीर केले. एकाही शिकाऱ्याने बंदूक न उचलता प्राणी नाहीसा होऊ शकतो, तो असा.

निवारा केंद्रातले जिणे

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तिथे हौसेसाठी मुद्दाम असा संकर घडवून पिल्ले विकली जातात. पिल्लू गोजिरवाणे दिसते. वर्ष-दोन वर्षांत ते कुंपण ओलांडते, घर उकरते, अनोळखी माणसाला बिचकते आणि मालक हात टेकतात. अशा प्राण्यांसाठी कोलोरॅडोतील 'वुल्फ सँक्च्युअरी'सारखी निवारा केंद्रे उभी राहिली आहेत. अशा ठिकाणी उंच कुंपण, उकरून बाहेर पडता येऊ नये म्हणून जमिनीत गाडलेली जाळी आणि एकामागे एक दोन दरवाजे लागतात. पाहुण्याला दुरूनच पाहावे लागते, कारण बहुतेक प्राणी माणूस जवळ येताच मागे सरकतात.

हे बिचकणे कुठून येते? कॅथरिन लॉर्ड या संशोधिकेने 2013 मध्ये दाखवले की लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे होताच आजूबाजूला हिंडू लागते. तेव्हा त्याला नीट दिसत नसते की ऐकू येत नसते. चालते फक्त नाक. कुत्र्याचे पिल्लू हिंडू लागते चौथ्या आठवड्यात, डोळे-कान उघडल्यावर. त्यामुळे कुत्रा माणसाचा आवाज आणि चेहरा सहज आपला मानतो. लांडग्याला तेच पुढे अचानक समोर येते आणि त्याची भीती वाटते. संकरित पिल्लात यातले काय किती उतरेल, हे जन्माआधी सांगता येत नाही.

केंद्रातला प्राणी सुरक्षित असतो, पण त्याला रानात सोडता येत नाही आणि घरात ठेवता येत नाही. कळपात राहणाऱ्या प्राण्याचे उभे आयुष्य जाळीआड जाते. इटलीत काही ठिकाणी रानातले संकरित प्राणी पकडून, त्यांची नसबंदी करून पुन्हा सोडण्याचा मार्ग अवलंबला गेला. प्राणी आपल्या कळपात राहतो, वंश मात्र पुढे जात नाही.

चावा घेतला तर?

आरोग्याच्या दृष्टीनेही हा प्राणी अवघड जागी आहे. कुत्रा चावला तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते, कारण कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू किती दिवस आधी येतो हे ठाऊक आहे. हा हिशोब लांडग्याला किंवा संकरित प्राण्याला लावता येत नाही. अमेरिकेत संकरित प्राण्यांसाठी परवाना असलेली रेबीजची लसही नाही. भारतात वन्य प्राण्याचा चावा थेट तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना, तिखट असे काही लावू नये आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. तिथे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. प्राणी कोणता होता, हा वाद नंतर घालता येतो.

रोग उलट दिशेनेही जातो. इथिओपियाच्या बाले पर्वतात 2003 मध्ये पाळीव कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने तिथल्या दुर्मीळ लांडग्यांचे अनेक कळप संपवले. तिथे लांडगे वाचवण्यासाठी गावच्या कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालवली जाते.

महाराष्ट्रालाही लागू पडणारा धडा इथेच आहे. संकरित प्राणी जन्मल्यानंतर त्याला पिंजरा शोधण्यापेक्षा तो जन्मूच नये, याची सोय स्वस्त आणि दयेची आहे. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट असो की पुणे जिल्ह्यातील सासवड, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हातात तीन गोष्टी आहेत. मेलेली जनावरे आणि कोंबडीच्या दुकानातला कचरा उघड्यावर पडू द्यायचा नाही, कारण त्यावरच कुत्र्यांची संख्या वाढते. पशुवैद्यकीय विभागाच्या मदतीने कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीज लसीकरण करायचे. धनगरांच्या वाड्यावरची राखणीची कुत्रीही त्यातून वगळायची नाहीत.

शेतात पिल्ले सापडली, तर ती उचलून घरी आणू नयेत. आई बहुधा जवळपासच असते. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची पिल्ले पाळणे गुन्हा आहे. अशा वेळी वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवावे आणि जागा सोडून बाजूला व्हावे.