दिलेला शब्द हेही कर्जच

२ जुलै २००५. स्कॉटलंडमधील एडिनबरा शहरात दोन लाखांहून अधिक लोक पांढरे कपडे घालून रस्त्यावर उतरले. गरिबी इतिहासजमा करा, ही त्यांची हाक होती. त्याच आठवड्यात जवळच्या ग्लेनईगल्समध्ये आठ बड्या देशांचे नेते जमले. २०१०पर्यंत आफ्रिकेची वार्षिक मदत २५ अब्ज डॉलरने वाढवू, असा शब्द त्यांनी दिला. अनेक गरीब देशांचे कर्जही माफ झाले. त्यांपैकी झांबियाने २००६मध्ये खेड्यांतील सरकारी दवाखान्यांची फी रद्द केली. मदत मात्र ठरल्याच्या निम्मीही वाढली नाही. तोवर रस्ते रिकामे झाले होते. श्रीमंतांनी दिलेला शब्द हेही कर्जच. ते माफ करायचे नसते, मागत राहायचे असते.