कवेलूंचे रोमन सोयरे

रोमन व्हिला म्हटलं की संगमरवरी खांब, जमिनीवर रंगीत खड्यांची चित्रं आणि मधोमध कारंजं डोळ्यांसमोर येतं. त्यात नवल नाही. दोन हजार वर्षांत जे टिकलं, तेच आपण पाहतो. पण खेड्यातला व्हिला म्हणजे मुळात शेतीवाडीचं घर. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं इटलीतल्या बॉस्कोरिआलेचं ‘व्हिला रेजिना’ पाहा. अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले द्राक्षरसाचे 18 रांजण आणि भोवती कोठार, रस काढायची खोली, राहायच्या खोल्या. वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला हे घर दाखवलं, तर तो आधी गोठा कुठं म्हणून विचारेल.

सेलूकडची जमीन काळी. कापसाला उत्तम, घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंतीही तिच्यासोबत तडकतात. म्हणून भिंतीसाठी जाणत्यांची पसंती पांढरीच्या मातीला. ही गावठाणातली माती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या भिंती मुरून तयार झालेली. इ.स.पूर्व पहिल्या शतकातला रोमन वास्तुतज्ज्ञ व्हिट्रुव्हियस कच्च्या विटांसाठी पांढरट चिकणमाती किंवा तांबडी माती घ्यायला सांगतो. दोन्हीकडची पांढरी माती एक नव्हे, पण पारख त्याच जातीची. विटा वसंतात किंवा शरदात पाडा, असं तो बजावतो. भर उन्हात वरचा पापुद्रा झटकन वाळतो, आत ओल राहते आणि नंतर वीट आकसून फुटते. वीट दोन वर्षं तरी सुकू द्यावी. आफ्रिकेतल्या युटिका शहरात तर पाच वर्षं जुनी आणि अधिकाऱ्यानं पास केलेली वीटच भिंतीला लागे. विटेलाही दाखला!

मातीच्या भिंतीचं मरण दोन ठिकाणी असतं, पायाशी आणि माथ्याशी. व्हिट्रुव्हियसच्याही शंभरेक वर्षं आधी रोमन लेखक केटोनं शेतीवरच्या पुस्तकात व्हिला बांधण्याच्या कंत्राटाच्या अटीच लिहून ठेवल्या आहेत. त्यातला एक प्रकार असा : दगड-चुन्याचा पाया जमिनीवर फूटभर आणावा, वरची भिंत कच्च्या विटांची करावी. जमिनीवर आपटून उडणारं पावसाचं पाणी त्या फूटभर दगडावरच थांबतं. माथ्यासाठी व्हिट्रुव्हियसचा तोडगा म्हणजे कौलांखाली दीड फूट भाजक्या विटांचा, जरा पुढं आलेला थर. एखादं कौल फुटलं तरी पाणी भिंतीत मुरत नाही. आपल्याकडे हेच काम जोत्याचा दगड आणि खाली ओढलेली वळचण करते. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या की निम्मी काळजी मिटली. केटो खळ्याच्या मातीत ऑलिव्हच्या तेलाचा गाळ मुरवायला सांगतो, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. आपण शेणानं सारवतो.

कुडाच्या भिंतीवर मात्र व्हिट्रुव्हियसचा राग. ही विद्या निघालीच नसती तर बरं झालं असतं, कारण आगीच्या दृष्टीनं ती मशालच, असं त्याचं म्हणणं. भय खरं आहे, पण ज्याच्या पदरी फक्त तुराट्या, पऱ्हाट्या आणि शेणमाती आहे, त्यानं काय करावं? सेलूच्या शेजारच्या वर्धा तालुक्यात, सेवाग्रामला, त्याचं उत्तर उभं आहे. 1936 मध्ये गांधीजी तिथं (तेव्हाचं शेगाव) राहायला आले आणि घर आसपासच्या सामानातून, गावच्याच हातांनी व्हावं असा आग्रह धरला. माती, बांबू, कवेलू म्हणजे देशी कौलं. बापूकुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीतच उठवलेली ताडाची झाडं आजही दिसतात. ती टिकली, कारण तिथं सारवण चुकलेलं नाही.

भिंत स्वस्तात होते. खरा खर्च छपराचा. सागवान गरिबाच्या आवाक्याबाहेर, बांबूला वाळवी, आणि कवेलू दर उन्हाळ्यात फेरावी लागतात. त्यातून वानरं. टोळी एकदा घरावरून धावली की फेरणीची मेहनत पाण्यात. रोमनांच्या नशिबी निदान हे नव्हतं.

कवेलू घडतं कसं ते पाहण्यासारखं आहे. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळता नळा काढतो, जरा सुकला की उभा चिरतो. एका नळ्याची दोन कवेलू. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं पुढं आणलेल्या ‘गुणा’ कौलात नळा चिरतच नाहीत. भाजलेला निमुळता नळा दुसऱ्याच्या तोंडात खोचत कमान करायची, कमानीला कमान लावून कमानदार छत उभं करायचं, वरून गिलावा. लाकडी वासा नाही, आढं नाही, म्हणजे वाळवीला खाद्यच नाही. नळ्यांतल्या पोकळीमुळं छत हलकं आणि उन्हाळ्यात खोलीही कमी तापते.

रोमन आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, दुसऱ्या-तिसऱ्या शतकात गवंडी हेच करत होते. एका टोकाला चोच असलेल्या भाजक्या नळ्या एकमेकींत खोचायच्या, लवकर धरणाऱ्या जिप्समनं सांधायच्या, की खालून लाकडाचा आधार नसतानाही कमान उभी राहते. तिथंही मोठं लाकूड दुर्मिळच. पुढं हीच युक्ती इटलीत राव्हेनाला सान व्हिताले चर्चच्या घुमटात वापरली गेली. त्या चर्चचं लोकार्पण इ.स. 547 चं.

एकानं दुसऱ्याचं पाहून केलं असं समजायचं कारण नाही. चाक, माती आणि लाकडाची टंचाई या तीन गोष्टी दोन्हीकडे होत्या. पण गुणा छताला एकाच मापाच्या शेकडो नळ्या लागतात, आणि त्यासाठी हात बसलेला कुंभार गावातच हवा. त्याचं चाक बंद पडलं आणि नळ्या ट्रकनं मागवाव्या लागल्या, की मग स्लॅबच काय वाईट, असा हिशेब घरमालक करतो आणि तो चूकही नसतो.