अपघातानंतर गाडीची किंमत : विमा कंपनीचा हिशोब



वर्धा-नागपूर रस्त्यावर गाडीला अपघात झाला की मालकास वाटते, विमा आहे, सर्व खर्च मिळेल. प्रत्यक्षात तसे होत नाही.

पॉलिसीवर गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विमा घोषित किंमत, लिहिलेली असते. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ती काढतात. एक ते दोन वर्षांच्या गाडीस २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीस ३०, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीस ५० टक्के. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्ण निकामी धरतात.

एरवी घसारा सुट्या भागांवर लागतो. समजा, गाडी अडीच वर्षांची आहे. बॉनेट १२,००० रुपये, प्लॅस्टिकचे बंपर ६,००० आणि काच ५,०००. पत्र्यावर १५ टक्के, प्लॅस्टिकवर ५० टक्के व काचेवर शून्य घसारा. म्हणजे २३,००० पैकी १८,२०० रुपयेच मान्य. त्यातूनही सक्तीची वजावट होते. जादा हप्ता भरून ‘झिरो डेप्रिसिएशन’ घेतल्यास सुट्या भागांवरील घसारा वाचतो.

दुरुस्तीनंतरही ‘अपघाताची गाडी’ म्हणून बाजारात भाव पडतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २००१ च्या न्यायालयीन निकालाने विमा कंपन्यांना ही घटही मोजावी लागली. आपल्याकडील पॉलिसीत ती मिळत नाही.

म्हणून हप्ता वाचविण्यासाठी आयडीव्ही कमी लिहून घेऊ नये, सर्व्हेअरने पाहणी केल्याशिवाय दुरुस्ती करू नये व त्याच्या अहवालाची प्रत अवश्य मागावी. सही करण्यापूर्वी पॉलिसी वाचणे, हाच खरा विमा होय.